खुणेपर्यंत तेल

यंत्रांशी माझा संबंध स्टेपलरच्या पुढे कधी गेला नव्हता, आणि स्टेपलरशीही तो फारसा सलोख्याचा नव्हता. तरीही यंदा सलग तीन आठवडे मी एका बत्तीस वर्षांच्या लोडरच्या पोटाखाली पडून होतो, हे आमच्या ऑफिसात अजून कुणाला खरं वाटत नाही. मी विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात आहे. रजेच्या अर्जावर मी ‘कौटुंबिक अडचण’ असं लिहिलं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. अडचण म्हणजे मातीचा ढिगारा आणि कुटुंब म्हणजे आई.

आमची कॉलनी उतारावर आहे. चौदा महिन्यांपूर्वी वरच्या टेकाडाचा एक लचका भर दुपारी, कुणालाही न विचारता खाली आला आणि आमच्या एकुलत्या एक रस्त्यात बसला. माणसांना जायला कडेने एकशे बारा ओबडधोबड पायऱ्या उरल्या. गाडी खालच्या वळणावरच थांबते. आईच्या गुडघ्यांना बारा पायऱ्यासुद्धा जमत नाहीत, त्यामुळे चौदा महिने ती घराच्या बाहेर पडलेली नव्हती.

गावाच्या दुसऱ्या टोकाला माझी मावशी राहते. मावशी एक्याऐंशी वर्षांची, आई अठ्ठ्याहत्तर. मावशी तर अंथरुणावरून खुर्चीत आणि खुर्चीतून अंथरुणावर एवढाच प्रवास करते. रोज सकाळी अकरा वाजता दोघींचा फोन असतो. आमच्या गॅलरीतून मावशीच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. आई फोनवर बोलताना त्या टाकीकडे बघून हातवारे करते, रागावली तर टाकीकडे पाठ फिरवते. एके दिवशी फोन ठेवून ती शांतपणे म्हणाली, “आज तिने मला दोनदा विचारलं, कोण बोलतंय म्हणून. मला तिला एकदा बघू दे रे. मग तो रस्ता खुशाल बंद ठेवा.”

त्या दिवशी मी ठरवलं, की हा ढिगारा हलवायचा. माझ्या निश्चयाबद्दल बायकोचं मत फारसं चांगलं नाही, कारण व्यायाम आणि माळ्यावरची आवराआवर या दोन्ही बाबतींत तिने ते निश्चय जवळून पाहिले आहेत. पण या वेळी तिनेच माझे जुने कपडे काढून ठेवले.

रस्ते कार्यालयातले साहेब भले गृहस्थ होते. आमचा ढिगारा त्यांच्या आराखड्यात होता, फक्त तो तीन वर्षांनंतरच्या आराखड्यात होता. मी पाचव्यांदा गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून एक पिवळा पडलेला नियम काढला. रहिवाशांनी स्वतःचं यंत्र आणलं, तर त्यांना आठ दिवसांची परवानगी देता येत होती. अट एकच. यंत्र मध्येच बंद पडून रस्त्यात बसता कामा नये, म्हणून इंजिनाच्या तेलाचं प्रेशर लागोपाठ तीन दिवस, अर्धा तास चालवल्यानंतर, नोंदवून दाखवायचं.

“एवढं प्रेशरचंच का?” मी विचारलं.

साहेब म्हणाले, “मागे एका कॉलनीने असंच यंत्र आणलं. प्रेशर गेलं, इंजिन जॅम झालं. दोन वर्षं भर रस्त्यात उभं होतं. शेवटी लोक त्यावर चादरी वाळत घालायला लागले.”

नोंदी म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. नोंदी हा माझा प्रांत. मी त्याच संध्याकाळी एक जाड रजिस्टर आखलं: तारीख, वेळ, तेलाची पातळी, काटा कुठे, शेरा, सही. यंत्र अजून मिळायचं होतं, पण रजिस्टर तयार होतं.

यंत्र कॉलनीच्या मागच्या बंद खाणीत सापडलं. एके काळी पिवळा असलेला एक लोडर तिथे गवतात उभा होता. खाणीचे मालक म्हणाले, चालू झाला तर न्या. तो चालू केला मिस्त्रींनी. हे गृहस्थ त्या खाणीतली सगळी यंत्रं तीस वर्षं सांभाळत होते. बोलणं अगदी मोजकं. दोन दिवस त्यांनी लोडरच्या पोटात हात घातले, तिसऱ्या दिवशी तो खोकला, धूर ओकला, आणि गडगडत आमच्या घराखालच्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला. प्रेशरचा काटा दिमाखात मधोमध होता. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. तिने वरूनच टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी मिस्त्रींना मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी जायचं होतं. जाताना ते म्हणाले, “अडीच आठवड्यांनी येतो, मग माती काढू. तोवर रोज सकाळी अर्धा तास चालू ठेवा. आधी पट्टी काढून तेल बघायचं. खुणेपेक्षा कमी दिसलं तर खुणेपर्यंत भरायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही.”

पट्टी म्हणजे इंजिनाच्या नळीत खोचलेली एक लांब लोखंडी पट्टी. वर धरायला कडी, खाली तेलाची खूण. काढायची, पुसायची, परत खोचायची, काढायची, बघायची. इतकी सोपी गोष्ट, की तिच्यात चूक होईल असं देवालाही वाटलं नसतं. पहिल्याच दिवशी इंजिन बंद केल्यावर मी मोठ्या उत्साहाने ती कडी पकडली आणि दोन बोटं भाजून घेतली.

आता आमच्या घराविषयी एक सांगायला हवं. आमच्या घरात उघडी वस्तू नाही. आईला लोकर आणि सुया दिल्या की ती दिसेल त्याला कव्हर करते. रिमोटला कव्हर आहे, फ्रिजच्या मुठीला आहे, कॅलेंडरच्या खिळ्यालासुद्धा एक छोटी टोपी आहे. माझी बोटं तिने पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निळ्या लोकरीचं एक कव्हर माझ्या हातात ठेवलं. कडीवरून चढवून पार मानेखालपर्यंत येणारं, आणि निसटू नये म्हणून खाली दुहेरी दुमड घातलेलं.

“माझ्यासाठी एवढं करतोयस,” ती म्हणाली, “बोटं तरी शाबूत ठेव.”

मला भरून आलं. मी ते कव्हर पट्टीला चढवलं आणि रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिलं: ‘सुरक्षा साधन बसवले.’

त्या दिवशी पट्टीवर तेल चांगलंच कमी दिसलं. दोन बोटं कमी. मी एक डबा आणला, ओतला. तिसऱ्या दिवशी अजून कमीच दिसत होतं, तेव्हा समोरच्या बंगलीतले बँकवाले काका स्वतः एक डबा घेऊन आले. “जुनं इंजिन आहे,” ते म्हणाले, “पिणारच.” चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे मास्तर, म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, तेही डबा घेऊन हजर. शेवटी तेल खुणेला टेकलं, आणि मग मात्र इंजिनाने एक थेंबही मागितला नाही. काका म्हणाले, “पोट भरलं.” आम्हा तिघांनाही कुणाला तरी पोटभर जेवू घातल्याचं समाधान झालं.

आणि पाचव्या दिवसापासून प्रेशर पडायला लागलं.

सुरुवातीला काटा मधोमध असायचा. इंजिन तापलं की तो थरथरायचा, मग डावीकडे कलायचा, आणि बाविसाव्या मिनिटाला बझर वाजायचा. मी घाईघाईने इंजिन बंद करायचो. वरून आई विचारायची, “झाला अर्धा तास?” मी सांगायचो, “आज एवढंच.” पोराने परीक्षेहून लवकर यावं आणि आईने काय समजायचं ते समजावं, तशी ती खुर्ची घेऊन आत जायची.

मिस्त्रींना फोन केला. त्यांना आवाज ऐकवावा म्हणून मी फोन इंजिनापाशी धरला. ते म्हणाले, “फोनवर इंजिन ऐकू येत नाही. तेल बघितलं?”

“बघितलं.”

“खुणेपर्यंत आहे?”

“अगदी खुणेवर.”

“मग बंद ठेवा. मी आल्यावर.”

पण रजिस्टर आखलेला माणूस स्वस्थ बसत नाही, आणि आमची कॉलनी तर नाहीच नाही. रोज सकाळी लोडरभोवती सात-आठ माणसं चहाचे कप घेऊन जमायला लागली. ज्यांना स्वतःच्या स्कूटरचं चाक बदलता येत नव्हतं, ते बेअरिंग या विषयावर बोलायला लागले.

मास्तरांचं म्हणणं पडलं, की दोष इंजिनात नसून मीटरमध्ये आहे. “मापनाचं साधनच चुकीचं असेल तर निष्कर्ष काय कामाचा?” हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. मलाही ते पटलं, कारण मीटर बदलायला स्क्रू कमी लागतात. आम्ही जुन्या बाजारातून दुसरा मीटर आणला. त्यावरचे आकडे वेगळ्याच मापात होते. मास्तरांनी ते बदलण्यासाठी कागदावर गणित मांडलं, तेव्हा आमच्या इंजिनातलं प्रेशर समुद्राच्या तळाइतकं निघालं. दुसऱ्यांदा मांडलं तर ते सायकलच्या चाकाइतकं निघालं. तेवढ्यात मी इंजिन चालू केलं. मीटरमागची नळी नीट आवळायची राहिली होती. तेलाची एक सरळ, सुबक धार निघाली आणि मास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर खिशापासून खिशापर्यंत रेघ मारून गेली.

“प्रेशर आहे,” मास्तर चष्मा पुसत म्हणाले. शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच.

नळी आवळली, काटा बाविसाव्या मिनिटाला पुन्हा पडला. म्हणजे मीटर निर्दोष होता. ही नोंद मी लाल शाईने केली.

मग बँकवाले काकांची पाळी आली. त्यांचा सिद्धांत असा, की तेल तापून पातळ होतं, म्हणून दाट तेल घालायचं. हा सिद्धांत इतका सोपा होता की सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही सगळं तेल काढलं, ते किती निघालं याकडे कुणीही बघितलं नाही, आणि बाजारातलं सर्वांत दाट तेल खुणेपर्यंत भरलं. सकाळी गार हवेत इंजिन चालू केलं, तर काटा थेट उजव्या टोकाला जाऊन आपटला.

“बघा!” काका ओरडले.

आम्ही बघत असतानाच फिल्टरच्या रबरी कडीने दम सोडला. काळं, दाट तेल भसाभसा बाहेर आलं, उतार असल्यामुळे कॉलनीभर फिरलं, आणि कॉलनीचं दूध आणणारे गृहस्थ किटलीसकट बसलेल्या अवस्थेत तीन घरं पुढे गेले. त्यांना लागलं नाही, पण त्या दिवसापासून ते आमचं दूध खालच्या वळणावर ठेवतात. मी दोन दिवस गुडघ्यांवर बसून लाकडाच्या भुशाने रस्ता पुसला. नोकरीच्या एकोणतीस वर्षांत ज्या माणसाच्या शर्टाच्या बाहीला कधी शाई लागली नाही, त्याच्या कानात तेल होतं.

फिल्टरला नवी रबरी कडी बसवली, पुन्हा पूर्वीचंच तेल खुणेपर्यंत भरलं. काटा बाविसाव्या मिनिटाला पडला. त्याच्या वक्तशीरपणाबद्दल मला आता आदर वाटायला लागला होता.

नेमकं त्याच दिवशी साहेब न सांगता पाहणीला आले. मी लोडरखाली होतो, फक्त पाय बाहेर. एक बूट माझ्या पायाशी येऊन थांबला.

“अहो, तुमच्या साहेबांना बोलवा जरा. ते रजिस्टरवाले.”

मी खालूनच म्हणालो, “मीच तो.”

“नाही, ते विमा कंपनीत आहेत ते.”

मी बाहेर आलो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग नजर दुसरीकडे वळवली. त्यांनी रजिस्टर मात्र पान न् पान वाचलं. “नोंदी उत्तम आहेत,” ते म्हणाले. “इतक्या व्यवस्थित ठेवलेलं अपयश मी पाहिलेलं नाही. पण शुक्रवारी माझी बदली होतेय. नवीन साहेब हा नियम मानतील असं वाटत नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन दिवसांच्या नोंदी मिळाल्या तर मी सही करून जाईन.”

तो शनिवार होता. रात्री जेवताना मी आईला काही सांगितलं नाही, पण तिला गॅलरीतून सगळं ऐकू येतं. ती म्हणाली, “नाही झालं तर नाही. तू कुठे कमी पडलास?” हे ऐकून मला इतका संताप आला, स्वतःचा आणि त्या काट्याचा, की मी मिस्त्रींना फोन करून सरळ विनवणी केली. त्यांना शनिवारीच नात झाली होती. ते सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने आले.

मिस्त्रींनी येऊन कुणाचाही सिद्धांत ऐकला नाही. त्यांनी तेलाचा एक थेंब बोटांत चोळला, वास घेतला. “डिझेल मिसळलेलं नाही.” पिशवीतून स्वतःचा मीटर काढून थेट इंजिनाला जोडला. इंजिन चालू केलं आणि दगडावर बसून राहिले. आम्ही सगळे त्यांच्यामागे उभे. बाविसाव्या मिनिटाला काटा थरथरला आणि पडला.

“नुसता पडत नाही,” मिस्त्री म्हणाले. “थरथरतोय. पंपाला तेलाबरोबर हवा मिळतेय.”

त्यांनी इंजिन बंद केलं, पट्टी बाहेर काढली. तिच्यावर साबणाच्या पाण्यासारखा बारीक फेस होता. त्यांनी तो फेस बोटावर घेतला. मग त्यांची नजर वर, निळ्या लोकरीवर गेली. त्यांनी कव्हर काढलं, पट्टी पुसली, परत खोचली. ती खट् करून खाली बसली. तो खट् आवाज मी कव्हर चढवल्यापासून एकदाही ऐकला नव्हता. पट्टी पुन्हा काढली तर तेल खुणेच्या वर पार दोन बोटं चढलेलं.

“या दुमडीवर पट्टी अडकून राहत होती,” मिस्त्री सावकाश म्हणाले. “दोन बोटं वरच. म्हणून तुम्हाला तेल कमी दिसलं, आणि तुम्ही भरत गेलात. इंजिन तेलात बुडालंय. आतला दांडा फिरताना तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला प्रेशर कसलं येणार?”

काका, मास्तर, मी, तिघेही आपापल्या डब्यांचा विचार करत उभे होतो.

“हे स्वेटर कुणी घातलं याला?” मिस्त्रींनी विचारलं.

वरून आईचा आवाज आला. “काय म्हणतायत रे मिस्त्री? सापडलं का?”

सगळी कॉलनी माझ्याकडे बघत होती. आई कठड्याला धरून उभी होती. गुडघे दुखत असले तरी महत्त्वाचं ऐकायला ती उभी राहते. त्या क्षणी मला काय बोलायचं याचा विचारसुद्धा करावा लागला नाही.

“सापडलं!” मी ओरडलो. “मी तेल जास्त घातलं होतं!”

“किती?”

“खूप!”

“अरे, पण मिस्त्री सांगून गेले होते ना, खुणेपर्यंतच म्हणून?”

“हो. माझंच लक्ष नव्हतं.”

मास्तरांनी तोंड उघडलं होतं, ते काकांनी कोपराने बंद केलं. मिस्त्रींनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे. मग कव्हर झटकून लोडरच्या गिअरच्या दांड्यावर चढवलं आणि म्हणाले, “आजी, हे कव्हर इथे झकास बसतंय. हात घसरत नाही.”

“मग अजून एक करते,” आई म्हणाली.

नऊ लिटर तेल जास्त निघालं. मंगळवारी काटा अर्धा तास मधोमध राहिला. बुधवारी राहिला. गुरुवारी मी घड्याळ बघितलं नाही, काट्याकडेच बघत होतो. तिसावं मिनिट झालं तेव्हा बायकोने मला हलवून सांगितलं.

दुपारी साहेबांसमोर रजिस्टर ठेवलं. त्यांनी सही करायला पेन उघडलं आणि थांबले. “इथे ‘दोषाचे कारण’ लिहायला हवं. हे कागद कॉलनीच्या फलकावरही लागतात.”

मी पेन घेतलं. माझ्या सेवापुस्तकात एक ताकीद नाही, एक मेमो नाही. माझ्या हाताखालची माणसं माझ्या नोंदींची शपथ घेतात. मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं: ‘अर्जदाराचा हलगर्जीपणा.’ लिहिताना हात जरा थांबला, हे कबूल करतो. साहेबांनी ते वाचलं, माझ्या नोंदींची ती स्वच्छ पानं पुन्हा एकदा चाळली आणि सही केली.

मग सहा दिवस मिस्त्री माती काढत होते आणि आई बकेट मोजत होती. रोज संध्याकाळी ती आकडा सांगायची आणि मी तो लिहून घ्यायचो. आमच्या आकड्यांत कधी फरक पडला तर तिचाच बरोबर धरायचा, असं ठरलं, कारण तेलाच्या प्रकरणानंतर माझ्या लक्ष देण्यावर घरात कुणाचा विश्वास उरला नव्हता. फलकावरचा कागद बायकोने वाचला. तिला खरं काय ते मास्तरांनी जिन्यात सांगितलं होतं. ती आत आली आणि त्या दिवशी तिने मला न मागता दोनदा चहा दिला.

सातव्या दिवशी भाड्याची गाडी घरघरत आमच्या दारात येऊन उभी राहिली. आई पहाटेपासून तयार होती. ज्या ढिगाऱ्याने चौदा महिने खाल्ले, त्याच्या जागेवरून गाडी गेली तेव्हा तिने खिडकीबाहेरही बघितलं नाही, ती सरळ समोर बघत होती.

मावशी खुर्चीत बसली होती. आई काठी टेकत तिच्यापाशी गेली. मावशीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मावशीने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “किती उशीर केलास गं.”

आईने पदराने डोळे पुसले. मला तर डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता. शेवटी आईने मावशीचे हात घट्ट धरले, नाक ओढलं आणि म्हणाली, “अगं, मी केव्हाच आले असते. याने तेल जास्त घातलं.”

मावशीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिने मला ओळखलं होतं, त्यात शंका नाही, कारण माझ्याकडे अशा नजरेने फक्त तीच बघते.

“लहानपणापासून असाच आहे तो,” मावशी म्हणाली.

“हो मावशी,” मी म्हणालो. “चुकलंच माझं.”